दोन काठांची मोटार

कानबाई मोटर सर्व्हिस, शहादे ते दोंडाईचे.
पाटीवर एकच मोटार रंगवलेली,
खऱ्या दोन होत्या.
एक तापीच्या अलीकडे, एक पलीकडे.
मधे पूल नव्हता. झिंगा भोयाची नाव होती.

अलीकडची कादर पिंजारी चालवायचा,
पलीकडची भिका शिंपी.
उतारू सारंगखेड्याला उतरायचा,
डोक्यावर वळकटी, काखेत कोंबडी,
नावेतून पार होऊन, वाळू तुडवत
त्याच तिकिटावर दुसऱ्या मोटारीत.
सात आणे. नावेचा आणा त्यातच.
गरोदर बाईला ड्रायव्हरशेजारची जागा,
हे मात्र कुठे लिहिलेलं नव्हतं.

माझे वडील कंपनीचे हिशेबनीस.
वही माझ्याकडे आहे.
मागच्या पानांवर आईने दुधाचे खाडे मांडलेत,
पुढे वडलांचं किरटं अक्षर:
‘भोंग्याचा रबरी फुगा, नवा. जुना उंदरांनी खाल्ला.’
‘टपावर मिरचीची पोती अठरा. उतारू शिंकून बेजार.
भाडे परत मागितले. दिले नाही.’
लढाईच्या साली पेट्रोल मिळेना,
दोघींच्या पाठीला कोळशाची भट्टी बांधली.
‘चढाला उतारूंनी ढकलले. तिकीट पूर्ण.’

चौदा वर्षांत ते दोघे फारसे भेटले नाहीत.
एक काठावर, तेव्हा दुसरा दोंडाईच्याला
सुरतेच्या गाडीची वाट बघत.
लिहिता दोघांनाही येत नव्हतं,
म्हणून झिंगाच्या हाती पान्हा जायचा, पट्टा यायचा,
एकदा मुलगा झाल्याचे पेढे,
एकदा कादरच्या लेकीसाठी
भिकाने रात्रीतून शिवलेलं पोलकं, मापाशिवाय.
कधी संध्याकाळी वेळ जुळलीच
तर एक भोंगा दाबायचा, पलीकडून उत्तर यायचं,
आणि पोरं ओरडायची, ‘उनी रे, उनी!’
कोणती, ते त्यांनाही ठाऊक नसायचं.

मग सरकारचा कागद आला.
हिरजीशेठनी सही केली,
आणि पेन वडलांच्याच खिशाला लावून दिलं, चुकून.

चैत्र होता, पाणी गुडघ्याइतकं.
चार बैल लावून मोटार पात्रातून ओढली,
कादर आत, स्टिअरिंग धरून,
इंजिन बंद.
वर आली तेव्हा दुसरी समोर उभी.
ड्रायव्हर उतरले.
एकमेकांच्या मोटारीला एकेक फेरी मारली,
गुरं बघावीत तशी.
‘तुनी काच फुटेल शे,’ कादर म्हणाला.
‘तुनी बी.’

धुळ्याच्या आगारात दोघींना एकच रंग लागला.
कादरला बिल्ला मिळाला.
भिका डोळ्यांच्या तपासणीत नापास,
सुईत दोरा मात्र शेवटपर्यंत स्वतः ओवायचा.

वहीतली शेवटची नोंद:
‘झिंगा भोई, नावेचे बाकी, सव्वातीन रुपये.’
खाली रेघ नाही, पोच नाही.
पान उलटलं की
सोमवार, एक शेर.
मंगळवार, गवळी आला नाही.