जागा क्रमांक चार

डेल्फीन हॅस्केट नदीपलीकडे राहायला गेली.
पुलावरून चालत अकरा मिनिटं.
पण गावाची हद्द पुलाच्या मधोमध संपते,
आणि सनद सांगते, सभासद हद्दीत झोपणारा हवा.
('झोपणारा' असं नाही लिहिलेलं. 'निवासी' लिहिलंय.
पण बावीस वर्षं मी या कौन्सिलची कारकुनी करते,
सभेत कोण झोपतं ते मला विचारा.)

तिच्या नावाची पितळी पट्टी मीच काढली.
चार स्क्रू. एकाचा माथा झिजलेला,
पक्कड आणावी लागली.

मग नोटीस: टाउन हॉलच्या दारावर, वाचनालयात,
आणि लाँड्रीत, मशिनांच्या वर,
जिथं माणसं खरंच काहीतरी वाचतात.
मुदत साठ दिवस. नाहीतर निवडणूक,
निवडणुकीला चाळीस हजार डॉलर,
आणि तेवढ्यात वॉर्नर स्ट्रीटचं गटार होतं.

अर्ज आले तीन.
लोक म्हणाले, निवडा तुम्ही, पण प्रश्न आमचे.
उरलेल्या सहांनी एकमेकांकडे पाहिलं.
मी बुटाच्या खोक्याला फट पाडली.
त्रेपन्न चिठ्ठ्या निघाल्या:
गटार, गटार, घरभाडं, गटार,
माइक दुरुस्त करा, गटार,
आणि एक, शिसपेन्सिलीनं, सही नाही:
'तुम्ही शेवटचं मत कधी बदललंत? कोणामुळे?'

मारिसेल किनतानार दुकानातून तशीच आलेली,
पांढऱ्या कोटाच्या खिशात औषधांची लेबलं.
म्हणाली, मंगळवारी. एका गिऱ्हाइकामुळे.
मी त्याच्याशी भांडले, आणि बरोबर तो होता.
रूफस टिंडल शाळेची बस चालवतो.
तो म्हणाला, रोज सकाळी, साडेसातला,
चाळीस मुलं मागं बसली की मत कुठलं टिकतंय.
लोक हसले. मीही.
थॉर्वाल्ड नीस, जन्मभर जमिनी मोजलेला माणूस,
बराच वेळ टेबलाच्या कडेकडे बघत राहिला,
मग म्हणाला, आठवत नाही.

त्यानंतर जनतेची वेळ. माणशी तीन मिनिटं.
हिरवा दिवा, पिवळा, लाल.
हद्दीबाहेरचे सगळ्यात शेवटी.
तर शेवटी उठली डेल्फीन.
नाव सांगा, पत्ता सांगा, म्हणाले मी,
आणि तिनं मला, मला,
तिचं नाव स्पेलिंगसकट सांगितलं.
हा तीन मिनिटांचा नियम तिचाच ठराव.
दिव्यांची पेटीही तिनंच मागवलेली.
ती पुराबद्दल बोलली, मग पुलाबद्दल,
मग म्हणाली, "आणि म्हणूनच या जागेवर मला वाटतं की..."
लाल.
बटणावर बोट माझं होतं.
ती थांबली, चष्मा मिटला, तिसऱ्या रांगेत जाऊन बसली.
तिला कोण हवं होतं, गावात कुणालाच माहीत नाही.

मतदान उघड. गुप्त चिठ्ठी आमच्याकडे चालत नाही;
प्रत्येकानं सही करायची, मी मोठ्यानं वाचायचं.
किनतानार तीन, नीस तीन.
पुन्हा. तीन, तीन.
दहा वाजता हीटर आपोआप बंद झाला,
लोकांनी कोट चढवले, पण कुणी हललं नाही.
तिसऱ्यांदा. तीन, तीन.
रूफस टिंडल मागून म्हणाला, मला सकाळी बस आहे हो.

सनदेत पुढचं वाक्य आहे: अशा वेळी सोडत.
अग्निशमनवाल्यांचं हेल्मेट आणलं,
दोन कागद, सारख्या चार घड्या.
मान वळवून मी हात घातला.
नीस.

टाळ्या वाजल्या, थोड्या, थंडीत वाजतात तशा.
मारिसेलनं त्याचा हात हातात घेतला
आणि जाताना खुर्च्या आवरू लागली.

मी इतिवृत्त लिहिलं.
'नागरिकांनी मते मांडली. सोडतीने जागा भरण्यात आली.'
दोन ओळी. यापेक्षा जास्त लिहायचं नसतं.

सकाळी आठ दहाला फोन. थॉर्वाल्ड.
"त्या प्रश्नाचं उत्तर आठवलं मला, रात्री.
अजून नोंदवता येईल?"
मी म्हणाले, नाही, सभा संपलीय.
"बरं," तो म्हणाला,
आणि तरीही सांगू लागला.
मी स्क्रू शोधत होते, चौथा.
शोधायचं थांबवलं.