कार्बन धरलाय

द्वारका सर्कलला स्कूटी बंद पडली.
रज्जाकभाईने प्लग काढून दाखवला,
"कार्बन धरलाय, ताई."
आणि पॉलिश पेपरने घासता घासता म्हणाला,
"कुणाला नाही धरत?"

मी मृदा चाचणी प्रयोगशाळेत. एकतीस वर्षं.
आमच्या रकान्यात त्याचं नाव कर्ब.
सेंद्रिय कर्ब, शेकडा किती ते.
दिंडोरीची, निफाडची, कळवणची माती
खताच्या, साखरेच्या, कधी लग्नातल्या आहेराच्या पिशवीतून
माझ्या टेबलावर येते.
तिच्यावर आम्ल ओतलं की चंबू हाताला चटका देतो.
मग थेंब थेंब सोडत बसायचं
जांभळट निळ्याचा एका थेंबात हिरवा होईपर्यंत.
शून्य पूर्णांक अडतीस. कमी.
"कमी म्हंजी काय हो मॅडम?"
म्हणजे तुमच्याकडे जे मेलं
ते मातीत पुरतं मुरलं नाही.
हे मी बोलत नाही. म्हणते, शेणखत टाका.

परवा टाय घातलेला एक पोरगा
मोहाडीच्या बागायतदाराला समजावत होता
की जमिनीतला कार्बन विकता येतो, थेट परदेशात.
"न्यायला गाडी कुणाची?"
न्यायचा नाही काका, तो इथंच राहणार.
"मग विकलं काय?"
पोरगा लॅपटॉपकडे बघत राहिला.

मला हसू आलं. अण्णांचा धंदाच तो.
जिल्हा कोर्टाच्या कंपाउंडला टेकून, काळ्या छत्रीखाली,
पुंजाजी गांगुर्डे, टंकलेखक.
एका दणक्यात चार प्रती.
पहिली कोर्टाला, दुसरी वकिलाला, तिसरी पक्षकाराला,
चौथी फिकट, लागलीच कुणाला तर.
लोक आपापलं भांडण घेऊन जात,
कार्बन आमच्याकडे राही.
भावंडंही आम्ही चार. चौथी मी.
आत्याला हा विनोद फार आवडायचा.

अण्णांची बोटं कायम निळी. भाकरीवर ठसे.
आई म्हणे, हात धुवा.
ते म्हणत, धुतलेलेच आहेत.

अमरधामला त्यांचं जे उरलं ते एका मडक्यात मावलं.
रामकुंडावर सोडताना
मनातल्या मनात मी त्याचाही शेकडा काढला.
सवय.

दहावं झाल्यावर पत्र्याची पेटी उघडली.
तळाशी एकच कार्बन पेपर,
वापरून वापरून मऊ झालेला, घडीवर फाटलेला.
खिडकीशी धरला. उलटा. मग सुलटा.
अक्षरांवर अक्षरं, त्यांवर अक्षरं:
वाटणी, वारसनोंद, सोडचिठ्ठी, विहिरीतला हिस्सा,
जिकडेतिकडे "सबब विनंती की",
आणि विनंती कुठली ते कळू नये इतका गलबला.
फक्त अगदी खाली, जिथवर कुणाचाच अर्ज पोचत नाही,
तिथे एकदाच उमटलेलं, स्वच्छ:
सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की
माझी मुलगी कुमुद हिची खरी जन्मतारीख

आणि पुढे ती तारीख, जी माझ्या दाखल्यावर आहे,
जी खरी नाही.

थोरल्याला फोन केला. म्हणाला,
"तुला माझ्याच वर्गात बसवायची होती ना.
पुस्तकं एकच सेट."
एवढंच. वर म्हणाला, तुला माहीत नव्हतं?

येत्या मार्चला मी अठ्ठावन्नाची म्हणून निवृत्त होणार,
छप्पन्नाव्या वर्षी.
जुन्या गढीतला जळका दाणा मिळाला
तर त्याचंही वय कार्बनवरून काढतात म्हणे,
पाच-पन्नास वर्षं इकडेतिकडे धरून.
माझं दोनच वर्षांनी चुकलं.

कागद नमुन्याच्या पिशवीत घातला.
चिठ्ठीवर काय लिहावं सुचेना, कोरीच ठेवली.
रात्री जेवताना बघितलं, पोळीवर निळा ठसा.
हात तर धुतलेलेच होते.