विषय क्रमांक चार

इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे,
कारण माझा हात अजून थरथरत नाही.
‘तिन्हीसांज सहनिवास, मोचेमाड रस्ता, वेंगुर्ला.
हजर एकवीस. मुलाकडे दोन. अंथरुणावर एक.’

पंप, कुत्री, नारळांचा लिलाव,
तिन्ही विषय अकरा मिनिटांत संपले.
मग बिल्डरच्या पोरानं टेबलावरची चादर ओढली.

सात मजले.
हिरव्या स्पंजची झाडं,
भरती-ओहोटी नसलेला निळा समुद्र,
आणि बोटाच्या पेराहून लहान माणसं,
सगळी धावणारी.
काठी कुणाच्याच हातात नव्हती.

दीडपट जागा, म्हणाला, दोन लिफ्ट, जनरेटर,
तोवर भाडं आम्ही देऊ,
फक्त छत्तीस महिने.

कुणी काही बोललं नाही.
ओठ तेवढे हलत होते.
प्रत्येक जण आपल्या वयात तीन मिळवत होता.

इस्माईल मुजावर, एसटीतले कंट्रोलर, उठले:
‘गाडी रद्द झाली तर प्रवाशाला पैसे परत.
मधेच प्रवासी रद्द झाला, तर?’
‘वारस आहेत ना काका,’ पोरगा हसून म्हणाला.
चांगला होता पोरगा. सगळ्यांना पाणी देत होता.

गोविंद खानोलकरांनी एकोणतीस वर्षं दीपगृह सांभाळलं.
‘सातव्या मजल्यावरून दिवा जास्त स्वच्छ दिसेल, कबूल.
वरून तो मी पुष्कळ पाहिलाय.
आता खालून बघतोय,
होडीतली माणसं बघतात तसा.’

टाळ्या पडल्या. मी कंसात तसं लिहिलं.

टाळ्या थांबायच्या आत वैजयंती आरोलकर बोलू लागल्या.
‘श्रावणात ॲम्ब्युलन्स गल्लीच्या तोंडाशी अडली.
ह्यांना खुर्चीसकट चौघांनी नेलं चिखलातून,
अंगावर मेणकापड टाकून, जसं काही सिमेंटचं पोतं.
खारी हवा सळया खाते. रात्री स्लॅब गळतो गादीवर,
पाणी नव्हे, स्लॅब.
सकाळी मी तो सुपात भरते.
तुम्हाला दिवा बघायचाय, बघा.
मला रस्ता हवाय.’

खानोलकर चष्मा पुसत राहिले.
टाळ्या वाजवलेले हात कुठं ठेवावेत
ते आम्हाला कळेना.

दुसऱ्या रांगेत कुणाच्या तरी फोनमधून
मस्कतचा आवाज आला, ‘बाबा, सही करून टाका,’
आणि बाबांनी फोन पालथा घातला मांडीवर.

मग फिलोमिना लोबो टीचर टेबलापाशी गेल्या.
वाकून, नाक टेकेस्तोवर वाकून शोधू लागल्या.
‘आमची बाव खंय आसा ह्यात?’
पोरानं नकाशा उलगडला. तिथं पार्किंग होतं.
टीचरनी पर्स उघडली,
बांगड्यांसाठी घेतलेल्या पुडीतून एक तिरफळ काढलं,
तोंड उघडलेलं, आत काळं,
आणि पार्किंगमध्ये ठेवलं.
‘ही बाव.’

हे इतिवृत्तात कसं लिहायचं मला माहीत नाही.
कारण मग मुजावर उठले,
शर्टाचं तुटकं बटण ठेवून म्हणाले, हा माझा ओटा.
कुणी रक्तदाबाची अर्धी गोळी ठेवली सुरंगीच्या जागी.
खानोलकरांनी कानातल्या यंत्राचा सेल काढला,
कुठं ठेवावा ठरेना, हातातच धरून बसले,
आणि पुढचं त्यांना काही ऐकू आलं नाही.

शेवटी आरोलकरबाई.
पिशवीतून स्लॅबचा तुकडा निघाला, तळव्याएवढा,
सळईचा गंज लागलेला.
पुरावा म्हणून आणला होता त्यांनी, दाखवायचा राहिला होता.
तो त्यांनी सातव्या मजल्यावर ठेवला.
गच्ची जराशी वाकली.

मतदान झालं नाही. दिवे गेले होते,
आणि जनरेटर अजून टेबलावर होता.

पोरानं काही उचललं नाही, झटकलं नाही,
सगळ्यासकट वर चादर घातली,
हळू, झोपलेल्या माणसावर घालतात तशी.

मेणबत्तीत मी लिहिलं:
‘विषय क्रमांक चार. चर्चा झाली.’
खाली दीड ओळ मोकळी सोडली आहे.