खिसा

डोरीन ब्लँचर्ड दुकानात आली
ती हात धुवायला जागा कुठे, असं विचारतच.
ग्रिम्सबीच्या गोदीवर एकतीस वर्षं तिनं हॅडॉक कापला.
लिंबू, व्हिनेगर, स्टीलच्या चमच्यावर बोटं घासणं,
सगळं करून झालंय,
तरी रेशमाला हात लावायचा तर ती मनगट लावते,
तान्ह्याचं दूध तपासावं तसं.

वधूच्या आईनं काय घालावं याचे नियम फार.
पांढरा नको. पांढऱ्याच्या शेजारपाजारचाही नको,
हस्तिदंती, सायीचा, शिंपलीचा.
काळा नको. लाल तर नकोच.
नवऱ्यामुलाच्या आईशी जुळायचा नाही,
पण फोटोत तिच्याशी भांडायचाही नाही.
त्या हॅरोगेटच्या बाईंनी जानेवारीतच कळवलंय : मोरपंखी.
म्हणजे निळा गेला, हिरवा गेला.
मग उरलं काय, डोरीन म्हणते, बटाट्याचा रंग?

मी ओठांत टाचण्या धरून हसते.
ओठांत टाचण्या असल्या की समोरच्या बायका खूप बोलतात.

पहिला फिकट जांभळा, लेसच्या बाह्यांचा.
"टॉयलेट रोलवर बसवतात ना विणलेली बाहुली, ती मी."
दुसरा राखी, वर कोट. महापौराची विधवा.
तिसऱ्याची चेन पाठीच्या मध्यावर अडली,
आम्ही दोघी श्वास धरून उभ्या,
आणि दोघींना एकदमच हसू फुटलं, चेनही फुटली.
चौथा सुंदर होता. खरंच.
पिकल्या आलुबुखाराचा रंग, खांद्यावरून असा उतरत होता
की पडद्यापलीकडची टॅमसिन फोन खाली ठेवून
"मम" म्हणाली.
एवढंच.

डोरीननं दोन्ही हात कमरेखाली फिरवले,
अंधारात दिव्याचं बटण चाचपावं तसे.
"याला खिसा नाही."

छोटी पर्स मिळते, मी म्हटलं, मोत्यांची.
"पर्स टेबलावर राहते."

मग टॅमसिन चहाला गेली तेव्हा, आवाज खाली आणून :
चार वर्षांची होती. जत्रेत, पाळण्याखाली, ओठ निळे.
तेव्हापासून तिचा दम्याचा पंप माझ्याजवळ.
शाळेच्या नाटकात. कारखान्यात, एप्रनच्या आत.
तिचा बाप गेला तेव्हा दफनभूमीत, प्रार्थनेच्या पुस्तकाखाली.
आता सव्वीसची आहे ती,
तिचा तिच्याजवळ असतो, कळतं मला.
पण कळणं वेगळं आणि हात वेगळा.

त्या रात्री मी ड्रेसची उजवी कूस उसवली, सहा इंच.
(कपड्यालाही कूस असते,
आणि ती उसवताना कात्री जपून धरावी लागते.)
अस्तराच्या तुकड्याचा खिसा आत बसवला,
बाहेरून चुणीसुद्धा कळणार नाही असा.
नऊ पौंड घेतले.
फुकट म्हटलं असतं तर ती रडली असती,
आणि रेशमावर मिठाचा डाग राहतो.

लग्नाला मलाही बोलावलं होतं,
झग्याची शेपटी आखूड केली होती मीच.
चर्चमध्ये लिलीचे ढीग. कुणी ठरवलं देव जाणे,
हॅरोगेटकडूनच असणार.
शपथेच्या तिसऱ्या ओळीवर टॅमसिन खोकली.
एकदा. मग जरा खालून, घरघरत.
पहिल्या बाकावर आलुबुखारी कोपर हललं,
हात खिशात गेला

आणि तेवढ्यात एलियटनं, तिच्यावरची नजर न काढता,
स्वतःच्या कोटातून पंप काढून तिच्या तळहातावर ठेवला,
टोपण आधीच उघडलेलं.

डोरीनचा हात बाहेर आला नाही.
केक कापताना नाही, भाषणांतही नाही.
दुकानात लावायला तिनं फोटो पाठवलाय :
मोरपंखी बाई ताठ, फुलांचा गुच्छ पोटाशी,
आणि शेजारी ही, एक हात खिशात,
सातची बस यायची आहे अशी उभी.
मुठीत काय आहे ते दिसत नाही.
मी तेवढा खोल शिवला होता.