जाली

मार्चमध्ये रेवण म्हणाला होता, "आई गेली."
रेकॉर्डरवर मागे पंख्याची खरखर,
कुणीतरी पाटी आपटल्याचा आवाज
आणि मधोमध ते दोन शब्द, अगदी शुद्ध.
मी रकान्यात लिहिलं : बरोबर.

जूनमध्ये म्हणाला, "आई जाली."
तांडेलबाईंनी कपाळाला हात लावला.
"बघा मॅडम, सुट्टीत पोरगं पार बिघडलं.
येत होतं तेही विसरलं."

मी सांगू पाहिलं,
बाई, आधी तो पोपट होता,
ऐकलेलं जसंच्या तसं परत करत होता.
आता त्याला नियम सापडलाय.
बस-बसली, पड-पडली, हस-हसली,
मग जा-जाली का नको?
बाई म्हणाल्या, "असेल.
पण पहिलीत गेल्यावर हसतील त्याला."

कन्नमवार नगरातून घरी, भांडुपच्या दीड खोलीत,
लॅपटॉपवर माझं आणखी एक पोर वाढत होतं :
दोनशे गाठी, त्यांच्यामधले धागे,
प्रत्येक धाग्यावर एक अपूर्णांक.
त्याला मी क्रियापदं भरवायचे, सहाशे,
रात्रभर, पुन्हा पुन्हा तीच.
चुकलं की काही धागे किंचित ढिले, काही किंचित ताठ.
पहाटे तीनला, अकराशेव्या फेरीत,
"गेली" नीट म्हणणारं तेही म्हणालं
जाली.
मी एकटीच टाळ्या वाजवल्या.
खालचं कुत्रं भुंकलं.

आलेख छान उतरला. उतार, दरी, मग चढण.
दरीच्या तळाशी दोघं शेजारी शेजारी.
तेव्हा लक्षात आलं,
नियमाला न जुमानणारी ही क्रियापदं
सगळी रोजच्या येण्याजाण्यातली :
जाणं, येणं, करणं, मरणं.
पाय पडून पडून
उंबऱ्यासारखी मधोमध झिजलेली.

ऑगस्टमध्ये कळलं,
रेवणची आई मस्कतला असते,
कुणाचं तरी बाळ सांभाळायला.
मार्चपासून.
ज्याच्यापुढे मी "बरोबर" लिहिलं
ते वाक्य तो त्याच आठवड्यात शिकला होता,
मावशीच्या, शेजारणींच्या, दूधवाल्याच्या तोंडून.
कुठल्या रकान्यात घालू हे?

डिसेंबरात ती आली, पंधरा दिवसांसाठी.
तोवर त्याचं सगळं सुधारलं होतं,
गेली, केली, आली,
एकही चूक नाही, तांडेलबाई खूश.
पण दारात ती निळी बॅग दिसली मात्र,
तो चपला न घालताच धावला,
"येली! येली! आई येली!"
बाईंनी दुरुस्त केलं नाही.
मीही नाही. रेकॉर्डर तेवढा चालू होता.

रात्री माझ्या पोराला विचारलं : ये?
आली, म्हणालं. शून्य दशांश नऊ सात.
उरलेल्या तीन शतांशांत
अजून कुठेतरी येली होतं.
आणखी शंभर फेऱ्या दिल्या असत्या
तर तेही गेलं असतं.

मी मशीन बंद केलं.