नववी ब, तिसरा तास

तक्त्यावरचा मेंदू उंदरांनी कुरतडला होता,
नेमका कपाळामागचा भाग,
जिथून माणूस ठरवतो, थांबतो, "नको" म्हणतो.
उरलेला वाळवीनं नेला.
म्हणून निहाल हिरणवारला म्हटलं,
उद्या येताना आणशील का रे, दुकानातून?
मागच्या बाकावरचा पोरगा. सहामाहीला विज्ञानात सात.
तो उभा राहिला. "बकरीचा का बोकडाचा?"
वर्षभरात त्यानं मला विचारलेला
हा पहिला प्रश्न.

दुसऱ्या दिवशी आला, अरुणावतीच्या पुलावरून, सायकलनं.
हँडलला पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा,
डब्यात गोळेवाल्याकडचा बर्फाचा चुरा.
टेबलावर मी पळसाचं पान पसरलं.
चिमटा पुढं केला तर म्हणाला,
"तसं नोका धरू मॅडम, फुटते थे.
लोन्यावानी असते."
आणि दोन्ही तळवे जोडून
त्यानं तो पानावर उतरवला,
नुकतंच जन्मलेलं काही उचलावं तसा.

टाकसांडे बहिणींनी नाकाला ओढणी लावली.
दहा मिनिटांनी त्याच सगळ्यात जवळ होत्या.

मी सांगत गेले.
हे वळ्यावळ्यांचं, प्रमस्तिष्क.
बोलणं, हिशेब, आठवण, राग गिळणं.
बकरीचा पुढचा भाग बघा, एवढासाच.
आपला मोठा. म्हणून आपण उद्याची काळजी करतो,
ती करत नाही.
"करते," निहाल म्हणाला.
"आदल्या राती चारा तोंडात घेते अन् तसाच ठेवते."
वर्ग हसला.
मी पुस्तकाचं पान उलटलं, उगाच.

मागं, खाली, बारीक घड्यांचं अनुमस्तिष्क.
तोल. हाताचा नेम.
डोक्यावर दोन गुंड्या घेऊन तुमच्या आया बांधावरून चालतात
आणि वर गप्पाही मारतात, ते याच्या जिवावर.

आणि डोळे समोर असले तरी
पाहणं होतं इथं, पार मागच्या भिंतीला.

यावर तो बराच वेळ बोलला नाही.
लाइन गेलेली. पंखा थांबलेला.
पानावर एक माशी बसली, ती त्यानं हातानं हाकलली.
"मंग बाबा पयले तिचे डोये झाकते, थे काहून?
मागून तं पाहतच असंल थे."

मी म्हणाले, उजेडच आत गेला नाही
तर मागं पोचणार काय?
उत्तर बरोबर होतं.
त्यानं मान हलवली,
मला बरं वाटावं म्हणून.

शेवटी देठ दाखवला. मस्तिष्कपुच्छ.
श्वास, काळजाचे ठोके, गिळणं, शिंक.
हे आपल्याला विचारत नाही,
झोपेतही काम थांबवत नाही.
"हे मालूम हाय," तो म्हणाला,
स्वतःच्या गल्लीचं नाव कुणी घ्यावं तसा,
आणि दुसरीकडं पाहू लागला.

घंटा झाली. मी पर्स उघडली.
"बाबानं सांगतलं, पैसे नाई घ्याचे.
पन वापस आनजो म्हने."
कशाला रे?
"राती रस्सा."
डबा त्यानं नीट बंद केला,
बोटानं कड चाचपून.

वार्षिक परीक्षेत, प्रश्न चार.
अनुमस्तिष्काचे कार्य लिहा.
नमुना उत्तर: शरीराचा तोल, हालचालींतील सुसूत्रता.
निहालनं लिहिलं होतं:
बाबाची सुरी इकडेतिकडे जात नाही
म्हणून तिले कमी दुखते.
दोनपैकी दोन दिले.
मुख्याध्यापक विचारतील, तेव्हा बघू.

खाली, मस्तिष्कपुच्छाचे कार्य:
कोरी ओळ.
सुरुवातीला फक्त पेन टेकल्याचा निळा ठिपका,
शाई कागदात जरा पसरलेली,
म्हणजे बराच वेळ टेकलेला.

लाल पेन हातात धरून
मीही त्या ठिपक्यापाशी बसून राहिले.
श्वास चालू होता,
मला न विचारता.