शंभर मिली

आमच्या जळगावच्या विमानतळावर यंत्र एकच,
ट्रे बावीस, त्यांतल्या तिघांचे कान तुटलेले.
काचेतून धावपट्टी दिसते,
तिच्यापलीकडे तारेचं कुंपण, आणि त्यापलीकडे
केळीचे घड भरून उभा ट्रॅक्टर,
ज्याला कोणी विचारत नाही काय काय नेतोस.

मी विचारते.
आठ तास तेच : लॅपटॉप बाहेर, पट्टा बाहेर,
बाटल्या एका पारदर्शक पिशवीत.
शंभर मिलीच्या वर काही जाणार नाही.
अर्धीच भरलीय हो, म्हणतात.
आम्ही बाटली बघतो, साहेब, आत किती उरलंय ते नाही.

टेबलाखालच्या पिंपात साठत जातं :
लग्नाला निघालेल्याचा दाढीचा फेस,
कुणाचा हिरवा शॅम्पू, कुणाच्या मावशीचं कैरीचं लोणचं,
बरणीचं तोंड फडक्यानं बांधलेलं, तीन गाठी,
सोडवायला गेलं तर नखं दुखतात.
संध्याकाळी पिंप उचलायला दोघं लागतात.

वैशाखात, सकाळी अकरालाच बेचाळीस असताना,
कौतिकबाई आली. एकटी. पारोळ्याकडची.
पायात नव्या चपला, किमतीचं लेबल तसंच.
हैदराबादला कुणा इंजिनिअरच्या घरी बाळंतीण होती,
महिनाभराची मालीश हिच्याकडे ठरलेली,
तिकीट त्यांनीच काढलेलं.
पिशवीतून निघालं पाव लिटर तेल,
तिळाचं, त्यात ओवा, वेखंड, लसूण कढवलेला.

"हाई तेल शे बोय, दारू नई शे."
मी म्हटलं, माहीत आहे.
"मंग?"
मग काय. नियम सांगितला.
खालून पाठवायची मोठी बॅग तिच्याजवळ नव्हतीच.
तिकडे मिळतं तेल, मी म्हटलं,
आणि तिनं माझ्याकडे असं बघितलं
जसं सुताराला कुणी म्हणावं, तिकडे मिळतात हात.

रांग तिच्यामागे खोकायला लागली.
ती बाजूला झाली, बाकावर बसली,
लुगड्याचं एक जुनं, मऊ धुडकं काढलं
आणि फरशीवर थेंब न सांडता
ती बाटली त्याला पाजली.
थांबत, पुन्हा धरत,
मूल ठसकू नये तशी.
तळाशी उरलं ते वेणीला, कोपरांना, टाचांच्या भेगांना.
रिकामी बाटली माझ्या ट्रेमध्ये ठेवली.
"आते फडकाले काय म्हनशात?"

पडद्यावर एक नारिंगी गोळा आला.
सुरी नाही, तार नाही,
द्रव म्हणावा तर सांडत नाही.
बाविस्करसाहेब वाकले, चष्मा वर केला,
निवत चाललेल्या चहाकडे एकदा बघितलं,
म्हणाले, कपडाच आहे ना.

मग पडद्याआड मी तिची झडती घेतली.
दंड, पाठ, कंबर, पाय.
हातातलं यंत्र पाटल्यांवर वाजलं, तेलावर नाही.
ती डोळे मिटून उभी होती,
कुणी आपलं अंग चाचपतंय याची तिला गंमत वाटत असावी,
एवढी वर्षं उलटंच तर चाललेलं.
जाताना माझा पंजा उलटा करून बघितला.
"कोल्ला शेतस तुन्हा हात," म्हणाली,
आणि चपलांचं लेबल खरडत
धावपट्टीच्या उन्हात गेली.

आमच्या गल्लीत नळाचा तो नववा दिवस.
हंडे पालथे, टाकीत खडखडाट,
पाणी उद्या पहाटे, आलं तर.
घरी येऊन तांब्याभर पाण्यात
साबण लावून हात धुतले.
वास गेला नाही. ओवा, लसूण, खाली थोडं वेखंड.
दुसरा तांब्या घ्यायला हवा होता.
घेतला नाही.